सेन्सरवरची शुगर: बसल्या जागी, टेकडीवर आणि सिंहगड चढताना

हनुमान टेकडीवर सकाळी भेटणाऱ्या एका काकांनी परवा शर्टाची बाही वर करून दंड माझ्यापुढे धरला. दहाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी पांढरी चकती, दिवसरात्र शुगर दाखवणारा सेन्सर. अमेरिकेतल्या मुलाने आग्रह करून लावायला लावलेली.

"हे बघ, रात्री तीनला बावन्न! मला ना घाम, ना धडधड. उठून बोट टोचलं तर एकशे अठरा. आता मी बिघडलोय की हे यंत्र?"

"काका, झोपता कुठल्या कुशीवर?"

"डाव्या. का गं?"

सेन्सर डाव्याच दंडावर होता.

त्यांना जे सांगितलं ते पुरं करायला टेकडीवरचे तीन दिवस लागले, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. टाइप १ मधुमेह घेऊन एकोणीस वर्षं इन्सुलिनवर आहे, पाच वर्षं दंडावर सेन्सर वागवते, आणि रविवारी सिंहगड चढते. इन्सुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण बदलायचं असेल तर ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच. पण समोर दिसणाऱ्या आकड्यावर किती आणि कधी विसंबायचं, हे तपासायचं काम घरच्या घरी आपणच करू शकतो. (या लेखातले शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापात आहेत.)

खडकवासला आणि भिडे पूल

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्याची जेमतेम पाच मिलिमीटरची केसासारखी तार कातडीखाली, पेशींच्या मधल्या पाण्यात बुडालेली असते. तारेवरचं विकर (एन्झाइम) तिथल्या साखरेशी क्रिया करतं, त्यातून अगदी बारीक विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्याचं गणित होऊन आकडा दिसतो. विकर आणि विद्युताग्राची (इलेक्ट्रोडची) ही युक्ती १९६२ साली क्लार्क आणि लायन्स या दोघांनी मांडली. मग अडचण कुठे येते? तारेच्या जागेत.

पुणेकराला हे समजायला धरण पुरतं. खडकवासल्यातून विसर्ग सोडला की भिडे पुलाखालचं पाणी त्याच क्षणी चढत नाही, मध्ये वेळ जातो. विसर्ग तासन्‌तास एकसारखा असेल तर धरणावरचा आकडा आणि पुलापाशी दिसणारं पाणी यांचा मेळ बसतो. पण विसर्ग झपाट्याने वाढवला किंवा बंद केला, तर पुलावर उभा असलेला माणूस मघाचं पाणी बघत असतो. रक्त म्हणजे धरण, सेन्सर म्हणजे पूल.

विश्रांती घेणाऱ्या, उपाशीपोटी असलेल्या निरोगी माणसात रक्तातली साखर या पेशींमधल्या पाण्यात दिसायला ५ ते ६ मिनिटं लागतात, असं मोजमाप झालेलं आहे. त्यावर सेन्सरचं गणित आपला वेळ घेतं, कारण आकडा उड्या मारू नये म्हणून ते मागच्या काही मिनिटांचा विचार करून तो गुळगुळीत करतं. सगळं धरून साधारण ५ ते १० मिनिटं. साखर वेगाने बदलत असेल तर पंधरा किंवा त्याहून जास्त.

व्यायामात हे सगळं एकदम घडतं. स्नायू साखर ओढतात, रक्ताचा ओघ स्नायूंकडे वळतो, कातडी तापते, दंड हलतो आणि त्याबरोबर आतली तारही थोडी हलते. म्हणून व्यायामात चूक वाढते, आणि ती बहुतेक वेळा ठरावीक दिशेने वाढते. साखर उतरत असताना सेन्सर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, चढत असताना कमी. उतरतानाची चूक धोक्याची, कारण ती दिलासा देते.

आता एक भेद पक्का करून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर उभी आहे. सेन्सर दोन प्रकारे चुकतो. एक उशीर: आकडा बरोबर, पण मघाचा. दुसरा कल: हा विशिष्ट सेन्सर तुमच्या दंडावर सतत दहा-पंधराने कमी किंवा जास्त दाखवतो. कल बसल्या जागी सापडतो, उशीर चालताना. दोन्ही एकत्र तपासायला गेलात तर हाती काही लागत नाही. काका नेमके हेच करत होते: टेकडी चढून धापा टाकत बोट टोचायचं आणि सेन्सरला नावं ठेवायची.

जाहिरातीतल्या टक्क्यांचा अर्थ

सेन्सरची अचूकता एमएआरडी या आकड्यात सांगतात. म्हणजे संदर्भ तपासणीपासून सेन्सर सरासरी किती टक्के दूर होता. फ्रीस्टाइल लिब्रे या सेन्सरच्या पहिल्या पिढीचा हा आकडा ११.४ होता, दुसऱ्या पिढीचा प्रौढांमध्ये ९.२. ऐकायला छान. पण ही सरासरी आहे. प्रत्येक आकडा नऊ टक्क्यांच्या आत असेल असं कुणी म्हटलेलं नाही, काही तीनने चुकतील, काही वीसने. शिवाय या चाचण्यांतली बरीचशी मोजमापं दवाखान्यात खुर्चीवर किंवा खाटेवर असलेल्या माणसांची असतात. माणसाला ट्रेडमिलवर किंवा सायकलवर बसवून केलेल्या अभ्यासांत हाच फरक अनेकदा वाढलेला दिसतो.

बोट टोचून शुगर मोजणारा ग्लुकोमीटरही देवाचा अवतार नाही, हे जाता जाता सांगते. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याचे ९५ टक्के आकडे १०० च्या खाली १५ मिलिग्रॅमच्या आत आणि १०० व त्यावर १५ टक्क्यांच्या आत असले की तो पास. त्यामुळे सेन्सर ११२ आणि बोट १०५ यावरून सकाळ खराब करून घेऊ नका.

लावताना

नवा सेन्सर पहिल्या दिवशी सर्वांत बेभरवशाचा. तार आत गेल्यावर तिथे बारीकशी जखम होते आणि ती शांत व्हायला वेळ लागतो. ट्रेकच्या सकाळी सेन्सर लावणं म्हणजे परीक्षेच्या सकाळी नवीन चष्मा घेणं. मी शुक्रवारी संध्याकाळी लावते, शनिवारी बसल्या जागी तपासते आणि रविवारी गडावर नेते.

दंडाच्या मागच्या बाजूला, जिथे थोडी चरबी असते तिथे, आणि तुम्ही ज्या कुशीवर झोपत नाही त्या हातावर. सॅकचा पट्टा, ब्लाउजची घट्ट बाही, जिममधल्या बाकाची कड, यांपैकी काहीही तिथे घासत नाही ना, ते हात फिरवून बघा. आदल्या दिवशी दंडाला खोबरेल तेल लावू नका. दिवाळीत अभ्यंगाच्या आदल्या रात्री लावलेला माझा एक सेन्सर नरकचतुर्दशीला पहाटे टॉवेलबरोबर निघून आला. कंपनीचा काही दोष नव्हता, दोष तिळाच्या तेलाचा आणि माझा. स्पिरिटने पुसा, ते पूर्ण वाळू द्या, मग लावा.

न लावलेलं खोकं गाडीच्या डिकीत ठेवू नका. पुण्याचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. खोक्यावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, तेवढं वाचा.

आणि टेकडीच्या पायथ्याचा आवळ्याचा रस! लिब्रेच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटा चढू शकतो अशी सूचना आहे. चघळायची एक गोळीच ५०० मिलिग्रॅमची असते, आणि आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर. सर्दी झाली म्हणून दिवसाला दोन गोळ्या आणि वर पेलाभर रस घेणाऱ्यांनी त्या आठवड्यात सेन्सरवर शुगर चढली म्हणून घाबरण्याआधी बोट टोचावं. तुमचा सेन्सर दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्याच्या पत्रकात कोणत्या औषधांची नावं आहेत ते पाहा. ही यादी प्रत्येक कंपनीची वेगळी.

डॉक्टरांनी दवाखान्यात "प्रो" प्रकारचा सेन्सर लावला असेल, तर तुम्हाला आकडा दिसतच नाही, चौदा दिवसांनी डॉक्टर तो वाचतात. अशा वेळी तुमच्या हातात एकच काम: कधी चाललात, कधी जेवलात, कधी झोपलात हे वेळेसह लिहून ठेवा. नाहीतर मंगळवारी सकाळी साडेसातला आलेला खड्डा टेकडीचा की चुकलेल्या नाश्त्याचा, हे त्यांना कळायला मार्ग नाही.

पहिली तपासणी: बसल्या जागी

दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस, रोज तीन वेळा. सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी, दुपारच्या जेवणाआधी, आणि रात्री जेवून तीन तासांनी. अट एकच: आधीची पंधरा मिनिटं तुम्ही शांत बसलेले असायला हवेत आणि सेन्सरचा बाण आडवा असायला हवा. लिब्रेवर आडवा बाण म्हणजे साखर मिनिटाला १ पेक्षा कमी वेगाने बदलते आहे. तिरका म्हणजे १ ते २, सरळ वर किंवा खाली म्हणजे २ पेक्षा जास्त. बाण तिरका असेल तर ती वेळ सोडून द्या.

बोट नीट टोचणं ही अर्धी तपासणी आहे. हात साबणाने धुवून खडखडीत कोरडे करा. सॅनिटायझरचा ओलावा चालत नाही. मे महिन्यात तर विशेष काळजी. आंबा कापलेल्या बोटाने मी एकदा २४० वाचलं होतं, हात धुवून पुन्हा टोचलं तर १३१. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा. डिसेंबरात बोटं गार असतील तर आधी चोळून गरम करा, दाबून दाबून थेंब काढू नका. तिन्ही दिवस तोच मीटर, त्याच डबीतल्या पट्ट्या.

वहीत पाच रकाने आखा: वेळ, सेन्सर, बाण, बोट, आणि दहा मिनिटांनंतरचा सेन्सर. शेवटचा रकाना आत्ता फालतू वाटेल, बसल्या जागी तो बहुतेक वेळा दुसऱ्यासारखाच येतो. त्याचा उपयोग टेकडीवर.

टक्केवारी अशी काढा. सेन्सर १०४, बोट ११५. फरक ११. अकराला ११५ ने भागलं की साडेनऊ टक्के. नऊ जोड्या झाल्या की दोन गोष्टी बघा. बहुतेक फरक वीस टक्क्यांच्या आत आहेत का? (८० च्या खाली टक्के काढत बसू नका, २० मिलिग्रॅमच्या आत आहे का एवढं बघा. मी हा कच्चा नियम वापरते.) आणि फरक एकाच बाजूला झुकले आहेत का? माझ्या आत्ताच्या सेन्सरच्या नऊपैकी सात जोड्यांत तो बोटापेक्षा कमी होता, सरासरी दहाने. हा त्याचा कल. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: "हा दहा कमी सांगतो." पुढचा सेन्सर वेगळा निघेल. एकाच माणसाच्या दोन दंडांवरचे दोन सेन्सरही एकसारखे बोलत नाहीत.

नऊपैकी चार-पाच जोड्या वीस टक्क्यांच्या बाहेर असतील, बाण आडवा असूनही, तर त्या सेन्सरवर व्यायामात भिस्त ठेवू नका. कंपनीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. वहीतल्या जोड्या वेळेसह सांगता आल्या की बोलणं लवकर संपतं.

काकांची रात्र

काकांचा ५२ दाबाचा होता. सेन्सरवर अंग टाकून झोपलं की तिथल्या कातडीतला रक्तप्रवाह दबतो, तारेभोवतीच्या पाण्यात साखर पुरेशी पोचत नाही आणि आकडा खोटा पडतो. आलेख पाहिला की ओळखू येतं: कडा सरळ कोसळते, आणि कूस बदलली की तितक्याच झटक्याने वर येते. खरी हायपो (शुगर खरोखरच फार खाली जाणं) सहसा अशी कड्यासारखी नसते, उतारासारखी असते.

पण म्हणून रात्रीचा कमी आकडा झटकून टाकू नका. काका मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही घेतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन शुगर खरोखर खाली नेऊ शकतात. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला ती भीती फारच कमी. त्यामुळे काकांना मी सांगितलं, उठा, कूस बदला, हात धुवा, टोचा. बोट ७० च्या खाली असेल किंवा घाम, थरथर असेल तर साखर घ्या. आणि पुढचा सेन्सर उजव्या हाताला लावा.

"म्हणजे मी उजव्या कुशीवर झोपायचं नाही?"

"काका, तुम्ही डाव्या कुशीवरच झोपता ना?"

"हो, पण तू सांगितल्यावर आता उजवीकडेच झोप येईल."

दुसरी तपासणी: चालताना

तुमचा नेहमीचा व्यायाम निवडा, दुसऱ्याचा नको. चार पट्ट्या लागतील: निघताना, मध्यावर, थांबताना, आणि थांबून अर्ध्या तासाने. दर वेळी आधी सेन्सर बघून लिहा, लगेच टोचा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेन्सर बघा. घामाचं बोट रुमालाने कोरडं करा, शक्य असेल तर बाटलीतल्या पाण्याने धुवून. घामाने थेंब पातळ होतो.

माझ्या वहीतली टेकडीची एक सकाळ. चाळीस मिनिटं भराभर चाल.

निघताना सेन्सर १४८, बोट १५२. वीस मिनिटांनी सेन्सर १३९, बाण तिरका खाली, बोट ११७. दहा मिनिटांनी सेन्सर ११९. चाळीसाव्या मिनिटाला सेन्सर १०४, बोट ८६. थांबून दहा मिनिटांनी सेन्सर ८८.

नुसते सेन्सर आणि बोट जुळवले तर फरक १९ आणि २१ टक्के, म्हणजे टाकाऊ यंत्र. पण बोटाचा आकडा दहा मिनिटांनंतरच्या सेन्सरशी जुळवा: ११७ आणि ११९, ८६ आणि ८८. पूल बरोबरच सांगत होता, फक्त मघाचं पाणी. म्हणजे या चालीत माझा उशीर दहा मिनिटांचा. दहा मिनिटांनंतरही आकडे जुळत नसतील तर मामला उशिराचा नाही. दाब, हललेली तार, उखडलेली कड, किंवा कल, यांत शोधा.

उशीर कळला की बाणाला अर्थ येतो. सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त. गुणिले दहा मिनिटं, म्हणजे २० पेक्षा जास्त. सेन्सर ९५ आणि बाण सरळ खाली असेल तर रक्तात आत्ता ७५ किंवा त्याहूनही कमी असू शकतं, आणि पुढच्या पाच मिनिटांत आणखी दहा जाईल. त्या क्षणी ९५ हा आकडा वाचून "अजून एक फेरी" म्हणणारी व्यक्ती मी स्वतः होते, बरीच वर्षं.

सगळे व्यायाम असे खाली नेत नाहीत. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी एकदा पैजेवर दोन वेळा पळत चढले. बोट ११८ वरून १४६, सेन्सर त्याच वेळी ११९. पंधरा मिनिटांनी सेन्सर १४१. जोराच्या, दमछाक करणाऱ्या व्यायामात ॲड्रेनालिन यकृताला साखर सोडायला लावतं, तीच गोष्ट जड वजनं उचलताना किंवा बॅडमिंटनच्या चुरशीच्या गेममध्ये. इथे सेन्सर कमी दाखवत मागे राहतो. हा चढ बघून लगेच इन्सुलिन टोचू नका. पुष्कळदा तासा-दोन तासांत तो आपोआप उतरतो, आणि वर टोचलेलं इन्सुलिन मग दुप्पट खाली ओढतं.

सूर्यनमस्कार आणि योगासनांत फरक थोडा पडतो, फक्त दंडावर भार येणाऱ्या आसनांकडे लक्ष ठेवा. पोहणाऱ्यांना तलावात आकडा मिळणारच नाही, पाण्यातून सिग्नल जात नाही. लिब्रेची पाणी सोसण्याची मर्यादा १ मीटर खोलीपर्यंत ३० मिनिटं आहे, तेव्हा सूर मारणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. आत जाताना टोचा, बाहेर आल्यावर टोचा.

ट्रेकर मंडळी उंचीचं विचारतात. लिब्रे ३०४८ मीटरपर्यंत वापरण्यासाठी आहे. सिंहगड सुमारे १३००, कळसूबाई १६४६. सह्याद्रीत काळजी नाही. हिमालयातल्या मोठ्या ट्रेकला जाणाऱ्यांनी मात्र मीटर आणि भरपूर पट्ट्या न्याव्यात, आणि त्या रात्री झोपण्याच्या पिशवीत स्वतःजवळ ठेवाव्यात.

निघण्याआधीचे आकडे

इन्सुलिनवर असणाऱ्यांसाठी २०१७ साली एक आंतरराष्ट्रीय सहमतीपत्र निघालं, टाइप १ आणि व्यायामावर. चालणं, धावणं, सायकल यांसाठी त्याचा सांगावा थोडक्यात असा. ९० च्या खाली: आधी १० ते २० ग्रॅम साखर घ्या, आकडा वर येऊ द्या. ९० ते १२४: १० ग्रॅम घेऊन निघा. १२६ ते १८०: निघा. २७० पर्यंत: निघायला हरकत नाही, पण शुगर आणखी चढू शकते. २७० च्या वर: कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासा. रक्तातले कीटोन १.५ मिलिमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असतील तर व्यायाम नाही. २०२० मध्ये सेन्सर वापरणाऱ्यांसाठी वेगळं मार्गदर्शन आलं, त्यात आकड्याच्या जोडीला बाणालाही मान मिळाला.

मी यात माझ्या वहीची भर घालते. सेन्सरवर १३० आणि बाण खाली असेल तर ते १३० मी ११० धरते आणि १० ग्रॅम घेऊनच निघते. सेन्सरला अलार्म असेल तर व्यायामापुरता तो ७० वरून १०० वर नेऊन ठेवा. ७० ला अलार्म वाजेपर्यंत, आपल्या उशिराच्या हिशेबाने, रक्त पन्नाशीत पोचलेलं असू शकतं. पहिल्या पिढीच्या सेन्सरला अलार्मच नाही. त्यांनी फोनवर दर पंधरा मिनिटांची घंटी लावावी आणि स्कॅन करावा.

गडावर हात थरथरला तेव्हा

अतकरवाडीकडून चढताना, अर्ध्याहून थोडं वर. सेन्सर ९७, बाण तिरका खाली. मला मात्र बोटं थरथरल्यासारखी वाटत होती. टोचलं: ६६. लक्षणं आणि सेन्सर यांचं भांडण झालं तर लक्षणांचं ऐकायचं, हा नियम मला पाठ आहे, तरी दोन वळणं मी "सत्याण्णव तर आहे" म्हणत चढले होते.

बसले. ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम पाण्यात. पावडर नसेल तर तीन-चार चमचे साखर. चिक्की नको, राजगिऱ्याचा लाडूही नको. शेंगदाण्यातलं तेल साखर हळू सोडतं, आणि आत्ता घाई आहे. मग पंधरा मिनिटं थांबायचं, आणि इथे सेन्सर सर्वांत मोठा घोटाळा करतो.

पंधरा मिनिटांनी सेन्सरवर ६३ होतं. बरोबरची मैत्रीण घाबरली. "अगं, अजून उतरतंय! आणखी घे." बोट टोचलं: ८८. धरणातून पाणी सुटलं होतं, पुलापर्यंत पोचायचं होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच वेळी मी सेन्सरचं ऐकलं होतं. पुन्हा ग्लुकोज, वर दोन केळी, गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. खाली उतरेपर्यंत २७०. म्हणून हायपोनंतरचा अर्धा-पाऊण तास बोटाचा मीटर हाच पंच. तोही ७० च्या खाली सांगत असेल तर आणखी १५ ग्रॅम, पुन्हा पंधरा मिनिटं. ५४ च्या खाली गेलात तर त्या दिवशीची चढाई संपली, कुणाला तरी बरोबर घेऊन खाली या. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. हे बरोबरच्यांना निघण्याआधी सांगून ठेवा. वाटेवर सांगायला तुमचं डोकं ठिकाणावर असेलच असं नाही.

संध्याकाळ आणि रात्र

मोठ्या चढाईनंतर स्नायू रिकामी झालेली कोठारं भरत राहतात, आणि शुगर रात्री उशिरा, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत, खाली सरकू शकते. तोवर तुम्ही आडवे असता, उतार संथ असतो, म्हणून इथे सेन्सर उत्तम काम करतो. व्यायामात ज्याला शिव्या घातल्या त्याच्यावर या रात्री विसंबा. अलार्म ८० वर, फोन उशाशी, आणि दंड अंगाखाली येणार नाही असं झोपा. वारंवार असं होत असेल तर व्यायामाच्या दिवसाचं रात्रीचं इन्सुलिन हा डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे. जाताना वही न्या.

घड्याळं आणि अंगठ्या

"सुई नाही, टोचणं नाही, मनगटावर शुगर" असं म्हणत स्वस्त घड्याळं ऑनलाइन सर्रास विकली जातात. कातडी न भेदता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. दंडावरच्या सेन्सरचा आकडा मनगटावर दाखवणारं घड्याळ वेगळं, ते फक्त निरोप्या आहे. काकांच्या जावयाने असं एक जादूचं घड्याळ आणलं होतं. आम्ही ते टेकडीवरच्या बाकाच्या लाकडी पाठीला बांधलं. बाकाची शुगर ९८ आली. बाक अगदी तब्येतीत आहे.

गाडीची किल्ली

सिंहगडाच्या पायथ्याशी उतरल्यावर आमच्यातल्या निम्म्यांच्या हातात दुचाकीची किल्ली असते. थकवा आलेला, चहा अजून व्हायचा, सेन्सर म्हणतोय १०२, बाण आडवा. वहीतल्या हिशेबाने माझा हा सेन्सर दहा कमी सांगतो, म्हणजे ११२, म्हणजे निघायला हरकत नाही. पण तासभर उतार झालेला असतो आणि बाण आडवा व्हायलाही उशीर लागतो. म्हणून किल्ली लावण्याआधी बोट टोचायचं. ९० च्या वर असेल तरच गाडी सुरू. नसेल तर १५ ग्रॅम, पंधरा मिनिटं, पुन्हा टोचणं, आणि तोवर बाकीच्यांनी कांदाभजी मागवायला माझी काही हरकत नसते.